डागडुजी

मुलुंड पूर्वेला मावशीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, तेव्हा माळा रिकामा करायचं काम माझ्यावर आलं. माळ्यावर जे असतं ते सगळं होतं. पितळी घंगाळ, गणपतीच्या मखराचा थर्माकोल, कोणाच्या तरी लग्नात आलेला आणि खोक्यातून कधीच बाहेर न निघालेला डिनर सेट. सगळ्यात मागे उशीच्या अभ्र्यात बांधून ठेवलेला एक काळा कीबोर्ड.

"मावशी, हा कीबोर्ड भंगारात टाकतोय," मी वरून ओरडलो.

"कीबोर्ड नाही तो. कॉम्प्युटर आहे. तुझ्या काकांचा."

अभ्रा सोडला. पाठीमागे टीव्हीची वायर लावायची जागा, कॅसेट प्लेअरसाठी दोन भोकं, वीज घ्यायला एक भोक आणि एका खाचेत बोर्डाची सोनेरी दातेरी कड. पुढे नाव: डीबी स्पेक्ट्रम प्लस. लॉकडाऊनमध्ये मला जुनी यंत्रं उघडून दुरुस्त करायचा नाद लागला होता. सुरुवात लहानपणीच्या टीव्ही गेमपासून झाली होती, मग ओएलएक्सवरून आणलेले बंद टेपरेकॉर्डर, मग कोणाकडचा तरी जुना पीसी. पण भारतात विकलेला आठ बिटचा घरगुती कॉम्प्युटर मी तोपर्यंत फक्त फोटोत पाहिला होता. तो माझ्या सख्ख्या मावशीच्या माळ्यावर होता आणि मी तो भंगारात टाकणार होतो.

ही गोष्ट त्या कॉम्प्युटरची आहे. तो दुरुस्त करताना मी जी चूक केली, तिचीही आहे.

अर्ध्या चांगल्या चिपा

आधी हे यंत्र काय होतं ते सांगतो. २३ एप्रिल १९८२ रोजी क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने ब्रिटनमध्ये 'झेडएक्स स्पेक्ट्रम' बाजारात आणला. १६ किलोबाइटचा १२५ पौंडांना, ४८ किलोबाइटचा १७५ पौंडांना. आज व्हॉट्सॲपवर येणारा 'शुभ सकाळ'चा एक फोटोही ४८ किलोबाइटमध्ये धड मावत नाही. पण त्या काळी घरात घेता येईल असा रंगीत चित्रं दाखवणारा कॉम्प्युटर या किमतीला मिळणं ही मोठी गोष्ट होती. मॉनिटर नाही, घरचाच टीव्ही. डिस्क नाही, गाण्यांची असते तशी कॅसेट. आत ३.५ मेगाहर्ट्झवर चालणारी झेड८० चिप. ही चिप १९७६ साली आली आणि तिचं मूळ रूप बनवणं झायलॉग कंपनीने २०२४ साली थांबवलं. म्हणजे माझ्या वयापेक्षा जास्त काळ ती कारखान्यातून बाहेर पडत होती.

स्वस्ताईसाठी या यंत्रात जे काही केलं होतं, त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. वरच्या ३२ किलोबाइट मेमरीसाठी सिंक्लेअरने ६४ किलोबिटच्या अशा चिपा विकत घेतल्या, ज्यांचा अर्धा भाग बनवतानाच खराब निघाला होता. चिप बनवणाऱ्या कंपन्या त्या अर्ध्या क्षमतेच्या म्हणून स्वस्तात विकत. बोर्डावर एक छोटा तारेचा जोड असे. कोणता अर्धा चांगला आहे त्याप्रमाणे तो जोड इकडे किंवा तिकडे लावायचा. किडका भाग कापून उरलेला बटाटा भाजीत घालावा, तसा प्रकार. आपल्याकडच्या कुठल्याही स्वयंपाकघरात हे लगेच पटेल.

१९८४च्या ऑक्टोबरमध्ये 'स्पेक्ट्रम प्लस' आला. आतला बोर्ड तोच, फक्त रबरी बटणांच्या जागी नीट टाइप करता येईल असा कीबोर्ड आणि एक रीसेटचं बटण. मावशीकडचं यंत्र याच प्लसचं भारतीय भावंड.

इथे येईपर्यंत

१७५ पौंड म्हणजे १९८२च्या दराने अंदाजे तीन हजार रुपये. त्यावर आयात शुल्क, आणि शुल्काआधी परवान्याचा प्रश्न. मध्यमवर्गीय घरात असं यंत्र यायचं ते बहुधा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून. इथे टीव्हीच अजून नवा होता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि रंग आला १९८२च्या एशियाडबरोबर. टीव्ही ही सगळ्या चाळीने मिळून बघायची गोष्ट असताना, त्याला कीबोर्ड जोडून एकट्याने बसायचं ही कल्पनाच परकी होती.

१९८४ साली दोन गोष्टी घडल्या. नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने नवं संगणक धोरण जाहीर केलं, त्यात आयातीचे आणि उत्पादनाचे नियम बरेच सैल झाले. त्याच सुमारास 'क्लास' नावाचा सरकारी प्रकल्प सुरू झाला आणि देशातल्या सुमारे २५० शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर बसवले गेले. पुढे मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने हेच यंत्र इथे तयार केलं. म्हणजे शाळेत एक ब्रिटिश यंत्र आलं आणि घरासाठी दुसरं, डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने परवाना घेऊन विकलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस. गंमत अशी की ७ एप्रिल १९८६ला सिंक्लेअरने आपला कॉम्प्युटरचा धंदा ॲमस्ट्रॅडला ५० लाख पौंडांना विकून टाकला. तिकडे ज्या गोष्टीचा मूळ मालक दुकान आवरत होता, ती इकडे नवीकोरी म्हणून येत होती.

परवाना घेऊन बनवण्याचा एक परिणाम दुरुस्तीवर होतो. सोव्हिएत युनियनमध्ये आणि पूर्व युरोपात या यंत्राच्या असंख्य नकला झाल्या. स्पेक्ट्रमच्या पोटात 'युएलए' नावाची एक खास चिप असते, जी टीव्हीचं चित्र, कीबोर्ड, कॅसेट सगळं सांभाळते. ती खास सिंक्लेअरसाठी बनायची, दुकानात मिळायची नाही. सोव्हिएत कारागिरांनी तिचं काम बाजारात मिळणाऱ्या साध्या चिपांच्या रांगा लावून करून घेतलं. बोर्ड मोठा झाला, पण त्यातला कुठलाही भाग गेला तर बदलता येई. आपल्या यंत्रात मूळचीच चिप. ती गेली की लॅमिंग्टन रोड पालथा घातला तरी उपयोग नाही. बाकी जे काही साधं होतं, ट्रान्झिस्टर, कपॅसिटर, झेड८०, ते मात्र तिथे कुठल्या ना कुठल्या रूपात मिळत असे. त्यामुळे इथे हे यंत्र बाळगणाऱ्याला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट शिकावी लागे: जे आहे त्यात भागवायचं.

काका बँकेत होते. १९८३ साली बँक संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात यंत्रांबाबत करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांमध्ये खतावणीची यंत्रं येऊ लागली. कॉम्प्युटर आला की नोकऱ्या जातील, ही भीती त्या काळी बँकेच्या कँटीनमध्ये रोज चघळली जायची. याच शहरात १९८२च्या जानेवारीत सुरू झालेला गिरणी संप अजून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. यंत्र आणि नोकरी हे शब्द एका वाक्यात आले की पोटात गोळा येई. काका युनियनच्या मोर्चातही जात आणि घरी येऊन बेसिकही शिकत. १९८८च्या दिवाळीत त्यांनी एका सहकाऱ्याकडून हे यंत्र जुनं म्हणून घेतलं. "दोन्ही पाय दोन होड्यांत," मावशी म्हणते. "पण एकही होडी बुडाली नाही त्यांची."

बदनाम ट्रान्झिस्टर

यंत्र घरी आणलं. माझं इंजिनिअरिंग झालेलं आहे, नोकरी सॉफ्टवेअरची आहे, पण सोल्डरिंग आयर्न हातात नीट बसली ती लॉकडाऊनमध्ये. तेव्हा मी जे पुढे केलं ते अर्धवट माणसाच्या आत्मविश्वासाने केलं, हे आधीच कबूल करतो.

स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात आणि पिनच्या मधल्या भागाला ऋण टोक लागतं. आज घरात पडलेल्या बहुतेक ॲडॅप्टरांचं नेमकं उलट असतं. ते तपासलं, जुना टीव्ही जोडला, बटण दाबलं. पडद्यावर खालच्या बाजूला कॉपीराइटची एक ओळ यायला हवी होती. त्याऐवजी काळे-पांढरे उभे पट्टे आले.

असे पट्टे बहुतेक वेळा खालच्या १६ किलोबाइट मेमरीकडे बोट दाखवतात. तिथे ४११६ क्रमांकाच्या आठ चिपा असतात आणि त्या नखरेल असतात. त्यांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. बाहेरून येतात ते ९. बाकीचं बोर्डावरचं एक छोटं सर्किट तयार करतं. त्यातला 'टीआर४' नावाचा ट्रान्झिस्टर हा स्पेक्ट्रमच्या जगातला सगळ्यात बदनाम भाग. तो जातो, त्याच्याबरोबर उणे ५ जातं आणि उणे ५ गेलं की त्या चिपा चालू विजेवर भाजून निघतात. ब्रिटनमध्ये हे यंत्र दुरुस्त करणाऱ्याला हा क्रम तोंडपाठ असतो.

मी पाच-सहा स्क्रू काढले, झाकण उचललं आणि नेमक्या टीआर४च्या जागी एक भलताच ट्रान्झिस्टर दिसला. मूळचा असतो छोटा, मटाराएवढा. हा मोठा, चपटा, भोक असलेला. त्याच्या पायांचा क्रम वेगळा होता, म्हणून ते एकमेकांवरून फिरवून नेले होते आणि प्रत्येक पायावर रंगीत प्लास्टिकची बारीक नळी चढवली होती. लाल, पिवळी, हिरवी. तो हलू नये म्हणून मेणाच्या दोऱ्याने शेजारच्या भागाला बांधला होता.

"जुगाड," मी मनात म्हणालो. चोर सापडला होता.

मी तो उपटला. नळ्या आणि दोरा टेबलावरून झाडताना कचऱ्यात गेले. मूळ क्रमांकाचा नवा ट्रान्झिस्टर माझ्याकडे होता, तो बसवला, बटण दाबलं. तेच काळे-पांढरे पट्टे.

मल्टिमीटर सगळा वेळ हाताशी पडलेला होता. तेव्हा कुठे मोजमाप सुरू केलं. तिन्ही व्होल्टेज बरोबर होते. मग आठ चिपांवर एकेक चांगली चिप पाठीवर बसवून बघत गेलो. पाचव्या चिपेला पट्टे पुसले गेले. खराब होती ती एकच चिप. ती काढली, जागी सोळा पायांचं सॉकेट बसवलं, नवी चिप टोचली, आणि पांढऱ्या पडद्यावर खाली ती एक ओळ उमटली. जुन्या भागांच्या डबीतून तो भलता ट्रान्झिस्टर काढून मीटरवर धरला. ठणठणीत होता. मी एक चालू असलेली दुरुस्ती मोडून तिच्या जागी माझी दुरुस्ती ठेवली होती, आणि बिघाड दुसरीकडेच होता.

उघडताना एक फोटो काढायची सवय आहे, तो फोटो तेवढा होता.

"माझं काम कुठे गेलं?"

मावशी तेव्हा मुलुंडमध्येच भाड्याच्या घरात राहायला गेली होती. यंत्र चालू झालं म्हणून मी ते मोठ्या दिमाखात घेऊन गेलो. आत काय काय केलं ते दाखवायला झाकणही सैलच ठेवलं होतं. तिने चष्मा बदलला, वाकून पाहिलं आणि विचारलं, "माझं काम कुठे गेलं?"

मला आधी कळलंच नाही.

"इथे मोठा ट्रान्झिस्टर होता. मी लावलेला. नव्वदच्या पावसात."

मावशी 'अंधेरीला कंपनीत' होती, एवढंच मला लहानपणापासून ठाऊक. कंपनीत म्हणजे काय, हे मी कधी विचारलं नव्हतं. ती सीप्झमध्ये होती, १९७९ ते १९९२. हातात सोल्डरिंग आयर्न घेऊन.

सीप्झ म्हणजे सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन. नावात सांताक्रूझ, जागा अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीत. १९७३ साली सुरू झालेलं हे देशातलं दुसरं निर्यात क्षेत्र, पहिलं १९६५चं कांडला. कल्पना अशी की कुंपणाच्या आतली जमीन जकातीच्या हिशोबात परदेश समजायची. सुटे भाग शुल्क न भरता आत येणार, जोडणी होणार आणि तयार माल विमानतळावरून बाहेर जाणार. टीसीएससारख्यांनी सुरुवातीचं निर्यातीचं सॉफ्टवेअर इथूनच केलं, त्यामुळे आयटीच्या इतिहासात सीप्झचं नाव येतंच. पण सॉफ्टवेअरवाल्यांच्या शेजारच्या इमारतींत जोडणीचे कारखाने होते. आयबीएमच्या १९८१च्या पहिल्या पीसीतला फ्लॉपी ड्राइव्ह टँडन कंपनीचा होता, आणि त्या टँडन गटाचेही कारखाने सीप्झमध्ये होते. या जोडणीच्या कामात बहुसंख्य हात तरुण बायकांचे होते. ८०च्या दशकाच्या उत्तरार्धात दागिन्यांचे कारखाने आले आणि हळूहळू सीप्झची ओळख हिऱ्या-सोन्याची झाली. आता तर तिथे मेट्रोचं स्टेशन आहे. तुमच्यातले कितीतरी जण रोज तिथे उतरत असतील.

मावशी मुलुंडहून लोकलने घाटकोपरला यायची आणि तिथून बसने साकीनाक्यावरून पुढे. आज मेट्रोने जो पट्टा आपण मोबाइलवर एक रील बघेपर्यंत पार करतो, त्यात तिचा पावसाळ्यात दीड तास जायचा. लाइनवर बसल्यावर समोर भिंग, उजव्या हातात आयर्न, डाव्या हातात सोल्डरची तार. जोड कसा हवा ते तिने मला बोटांनी दाखवलं. पायाच्या चारही बाजूंनी उतरत जाणारी टेकडी, चकचकीत, टोक नाही, फुगा नाही. निस्तेज दिसला तर तो कोरडा जोड, आज चालेल आणि सहा महिन्यांनी दगा देईल. शेवटी एक बाई सगळे बोर्ड भिंगाखाली बघायची आणि वाईट जोडावर लाल बाण चिकटवायची. तो बाण म्हणजे रिजेक्ट. धुराने घसा धरायचा, संध्याकाळी स्टेशनवरचा इंडिकेटर धूसर दिसायचा. चाळिशी लागायच्या आधीच तिला चष्मा लागला.

"कशाचे बोर्ड असायचे ते?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. अमेरिकेला जायचे."

तेरा वर्षं तिने कशाचे ना कशाचे तुकडे जोडले आणि पूर्ण झालेली वस्तू एकदाही पाहिली नाही. सीप्झमधला माल बाहेरच्या शहरात सहजासहजी विकताही येत नसे. तिच्या हातून जोडलेलं जे काही होतं ते समुद्रापलीकडे कोणाच्या तरी घरात चालत होतं, आणि तिच्या घरात कॉम्प्युटर आला तो ब्रिटनमध्ये आखलेला, सेकंडहँड.

१९९०च्या जूनमध्ये तो बंद पडला. काकांनी लॅमिंग्टन रोडला दोन खेपा घातल्या. हवा तो ट्रान्झिस्टर नव्हता. समतुल्य ट्रान्झिस्टरांच्या याद्यांची जाडजूड पुस्तकं दुकानदार बाळगून असायचे. एकाने त्यात बघून हा दिला आणि बजावलं, पाय उलटे आहेत. काका तो पुडीत बांधून घेऊन आले. जोडणार कोण, हा प्रश्न घरात पडलाच नाही. रंगीत नळ्या तिच्या डब्यात होत्या. मेणाच्या दोऱ्याने बांधायचं तिला लाइनवर शिकवलं होतं, धक्के बसले तरी भाग हलत नाही. त्या रात्री जेवणं उरकल्यावर ओट्याशेजारी बसून तिने ते केलं.

म्हणजे तिने मोजून, समजून, बदली भाग निवडून केलेल्या कामाला मी जुगाड म्हणालो होतो. ते तीस वर्षांहून जास्त टिकलं होतं. आणि ते कोणाचं आहे हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, कारण काकांचा कॉम्प्युटर म्हटल्यावर आतलं सगळं काकांचं, हे मी धरूनच चाललो होतो.

मूळ म्हणजे काय

जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांमध्ये एक वाद कायम चालतो. एक गट म्हणतो, कारखान्यातून निघालं तसं मूळ रूपात आणा. दुसरा म्हणतो, वापरायचं असेल तर अपग्रेड करा. माझ्याकडे दुसऱ्या गटाची यादी तयार होती. अँटेनाच्या वाटेने येणारं चित्र नव्या टीव्हीवर मुंग्यामुंग्यांचं दिसतं, तर ती वाट वगळून थेट व्हिडिओ काढायचा. अर्ध्या चांगल्या चिपा काढून पूर्ण चांगल्या बसवायच्या. तीन व्होल्टेजवाल्या आठ चिपांच्या जागी एकाच व्होल्टेजवर चालणारा आजचा छोटा मेमरी बोर्ड टाकायचा, म्हणजे तो बदनाम ट्रान्झिस्टर असला काय, नसला काय.

दोन्ही गटांचं म्हणणं मला आता थोडं अपुरं वाटतं. ब्रिटनमध्ये यंत्र बिघडलं तर सर्व्हिस सेंटर होतं, १९८४ सालचं छापील सर्व्हिस मॅन्युअल होतं, मासिकं होती, आणि आज त्या सगळ्यावर पुस्तकं आहेत. तिथला इतिहास कागदावर आहे. आपल्याकडे या घरगुती कॉम्प्युटरांचा कागद जवळजवळ नाही. आपल्या संगणक इतिहासात टीआयएफआरचा टिफ्रॅक येतो, १९७८ साली आयबीएमचं निघून जाणं येतं, १९८४चं धोरण येतं, मग थेट १९९१. घराघरांत काय चाललं होतं ते यात कुठे नाही. ते बोर्डावर आहे. कोणता भाग मिळाला नाही, त्याऐवजी काय चाललं, कोणाच्या हाताला किती सफाई होती, हे सगळं सोल्डरमध्ये लिहिलेलं असतं. कारखान्यातला बोर्ड हजारोंमध्ये एक. त्यावरची डागडुजी मात्र एकमेव. मूळ रूपात आणायच्या नावाखाली किंवा अपग्रेडच्या नावाखाली आपण नेमकी तीच पुसतो.

त्यात ही यंत्रं इथे उरली आहेत तरी किती? मुंबईची खारी दमट हवा धातूचे पाय खाते. पीसी आल्यावर जुनं कोणी ठेवलं नाही. आणि आपल्याकडे जुनं इलेक्ट्रॉनिक सामान भंगारवाल्याच्या तराजूत किलोवर जातं. ई-कचऱ्याचे नियम लागू झाले ते २०१२च्या मेमध्ये, तोवर माळे बरेचसे रिकामे झाले होते.

म्हणून मी यादी गुंडाळली. मेमरीला हात लावला नाही. गेम घालायला एसडी कार्डाचं यंत्र घेतलं, ते मागच्या सोनेरी दात्यांवर नुसतं खोचायचं असतं, एकही जोड उखडावा लागत नाही. कीबोर्डखालची प्लास्टिकची पातळ झिल्ली वाळून तडकली होती, ती बदलण्यावाचून इलाज नव्हता. परदेशात ती नव्याने बनवतात, मागवून घेतली. काढलेली जुनी झिल्ली, जळकी चिप आणि मावशीचा ट्रान्झिस्टर एका पाकिटात घालून, वर तारीख आणि कोणी काय केलं ते लिहून, झाकणाच्या आत ठेवलं.

रन करू नये

अभ्र्यात एक कॅसेटही होती. वरच्या कागदावर काकांच्या बँकेच्या अक्षरात 'घर हिशोब' आणि खाली लाल पेनाने: 'रन करू नये. गो टू १० करावे.'

महिनाभर आधी मी हे वाचलंही नसतं. बेसिकमधला प्रोग्राम चालू करायचा तर रन हेच कोणीही लिहील. पण स्पेक्ट्रम कॅसेटवर प्रोग्राम साठवताना त्यात भरलेले आकडेही सोबत साठवतो, आणि रन म्हटलं की ते आकडे पुसून कोरी सुरुवात करतो. गो टू म्हटलं तर आकडे जागेवर राहतात. काकांचा सगळा हिशोब त्या एका शब्दावर लटकलेला होता.

कॅसेट चालेना. टेपच्या हेडचा कोन जरा जरी चुकला तरी आवाज घोगरा होतो आणि पडद्यावर लोडिंगची चूक झाल्याचा शेरा येतो. हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवत, आवाज कानाला धारदार लागेपर्यंत बसलो. आधी सगळी टेप लॅपटॉपवर आवाज म्हणून उतरवून घेतली. मग लोड. कडेला आधी लाल-निळसर पट्टे, मग निळे-पिवळे, आणि शेवटी सगळं ठीक असल्याचा संदेश. गो टू १०.

पडद्यावर देवनागरी आली. दूध, किराणा, लाइट, भाडे, पास, इतर.

स्पेक्ट्रममध्ये स्वतःची २१ अक्षरं बनवायची सोय आहे, प्रत्येक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांचं. देवनागरीसाठी ती दाटीवाटीची खोली. शिरोरेषा एक ओळ खाते, मात्रेला वर जागा उरत नाही. 'डे'साठी काकांनी शिरोरेषाच एक ठिपका खाली ओढली होती, आणि किराण्यातली पहिली वेलांटी चेपून चपटी केली होती. काना सगळ्या शब्दांत एकच. सगळे मिळून त्यांनी २१ पैकी १५ घरांत सहा शब्द बसवले होते. प्रोग्राम उघडून पाहिला तर प्रत्येक अक्षर शून्य-एकच्या आठ ओळींत लिहिलेलं, डोळे बारीक केले की त्या एकांमधून 'ध' दिसत होता. त्याच सुमारास सी-डॅक पीसीत भारतीय लिप्या आणणारं 'जिस्ट' कार्ड बनवत होतं. त्यांच्याकडे प्रयोगशाळा होती. काकांकडे चौकटीचा कागद होता.

मी यंत्र परत मावशीकडे नेलं. तिने आकडे वाचले. 'पास'च्या ओळीत दर तीन महिन्यांनी एक आकडा होता, मधले रिकामे. "हा माझा घाटकोपरचा," ती म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही.

मी पाकीट काढलं. म्हटलं, तुझा ट्रान्झिस्टर परत लावतेस का? माझ्याकडे आता तापमान ठरवता येणारी आयर्न आहे, नळ्याही आणल्यात, लाल, पिवळी, हिरवी.

"आता चालतंय ना? मग चालत्याला हात लावू नकोस," ती म्हणाली. "तू एकदा लावलास तेवढं पुरे."

पण बोर्ड उलटा करून तिने भिंग मागितलं. मी बसवलेल्या सॉकेटचे सोळा पाय तिने एका टोकापासून बघायला सुरुवात केली, ओठांत मोजत. चौथ्यावर थांबली, नखाने टिचकी मारली. अकराव्यावर पुन्हा. चौदाव्यावर पुन्हा.

"तीन रिजेक्ट," ती म्हणाली आणि भिंग माझ्या हातात दिलं.

मी आयर्न तापायला लावली.